अष्टूरची जत्रा आणि बिदरचा बादशहा

तीर्थयात्रा म्हटली की कोकण-गोमंतकातील आपल्या वाचकांस पंढरी आठवते, काशी आठवते, फार तर बदरी-केदार आठवतात. बिदर आणि कलबुर्गी (२०१४ पर्यंतचे गुलबर्गा) या जिल्ह्यांची वाट आपण धरतो ती बहुधा गाणगापुरासाठी. सोलापूर ओलांडून गाणगापूर रोड स्थानकावर उतरावे, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करावे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे, पाच घरी मधुकरी मागावी आणि परतावे, हा आपला परिपाठ. त्याच मुलखात दरवर्षी होळीनंतर भरणाऱ्या एका जत्रेची वार्ता आपल्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ती जत्रा विलक्षण आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

बिदर शहराच्या पूर्वेस अष्टूर नावाचे खेडे आहे. बहामनी सुलतानांच्या कबरी तेथे ओळीने उभ्या आहेत. त्यांपैकी सुलतान अहमदशाह वली याच्या घुमटाच्या आतील भिंतींवर सोनेरी, शेंदरी आणि निळ्या रंगांची वेलबुट्टी आहे, आणि तीतून इराणातील किरमानचा सूफी साधू शाह नियामतुल्ला याची काव्ये लिहिलेली आहेत. कबर मुसलमान राजाची आणि अक्षरे फारसी; परंतु उरूस भरतो तो हिंदू पंचांगाने. कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस जिल्काद महिन्यात असल्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि सर्व ऋतूंतून फिरतो. अष्टूरचा उरूस मात्र होळीशी बांधलेला, म्हणजे रबीची सुगी आटोपल्यावर येणारा. या उरुसात मोठा मान असतो एका लिंगायत जंगमाचा. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात माडियाळ हे गाव आहे. तेथून हा जंगम आपल्या अनुयायांसह पायी चालत येतो, कबरीपाशी शंख फुंकतो, नारळ फोडतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या भाविकांच्या लेखी कबरीत निजलेला पुरुष सुलतान नव्हेच. तो बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात अध्यक्षस्थानी बसलेल्या अल्लमप्रभूंचा अवतार होय. ज्या जंगम परंपरेतून हिमालयातील केदारनाथाचे रावळ निवडले जातात, तिचाच एक प्रतिनिधी येथे सुलतानाच्या कबरीपुढे नतमस्तक होतो, ही गोष्ट आम्हांस मननीय वाटते.

सुलतानाचा प्रभू झाला कसा? 'वली' आणि 'अल्लम' हे शब्द लोकांच्या तोंडी मिसळले, एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. अहमदशाह १४२२ साली गुलबर्ग्यास गादीवर आला. त्याच वर्षी त्याचा पाठीराखा बंदेनवाज वारला, आणि पुढे काही वर्षांतच राजधानी बिदरास हलली. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, त्याच्या कारकीर्दीच्या आरंभी घोर अवर्षण पडले. सुलतान नगराबाहेर गेला, जमिनीवर डोके टेकून त्याने करुणा भाकली आणि पाऊस कोसळला. तेव्हापासून प्रजा त्यास वली म्हणू लागली. हाच अहमदशाह विजयनगरच्या मोहिमेत निर्दय कत्तली करणारा होता, हेही फिरिश्ताच लिहून ठेवतो. ती कत्तल बखरीत राहिली आणि पाऊस जत्रेत राहिला. जेथे शेती आभाळाच्या भरवशावर चालते, तेथे लोकांनी राजाची निवड या कसोटीने केली असेल तर आम्हांस नवल वाटत नाही.

आमच्या या तर्कास मराठी परंपरेतूनही आधार मिळतो. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लुटविली आणि त्या धान्याची रक्कम विठोबाने विठू महाराच्या रूपाने बादशहापुढे नेऊन ओतली. तो दरबार बिदरचाच. सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'तील म्लेंच्छ राजाही बिदरचाच. पूर्वजन्मीचा तो श्रीपाद श्रीवल्लभांचा सेवक रजक. मांडीवरील स्फोटकाने व्याकुळ होऊन तो नृसिंहसरस्वतींस शरण येतो आणि त्यांना सन्मानाने आपल्या नगरास नेतो. या कथांत बादशहास शाप नाही. त्यास ओळख पटते. गुरुचरित्र हा ग्रंथ मराठी असून त्यात कानडी पदेही आहेत, हे नित्य पारायण करणाऱ्यांस ठाऊक असेलच.

एकोणिसाव्या शतकात हुमनाबादजवळ माणिकनगर वसविणारे माणिकप्रभू (१८१७-१८६५) या परंपरेस तात्त्विक रूप देते झाले. आपल्या संप्रदायास त्यांनी 'सकलमत' असे नाव दिले आणि मराठी, कानडी व हिंदी अशा भाषांत पदे रचली. दत्तजयंतीच्या सुमारास तेथे होणाऱ्या उत्सवास आजही तिन्ही भाषांचे लोक येतात.

परंतु सर्वत्र असा सलोखा टिकला आहे, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. माडियाळचा जंगम ज्या आळंद तालुक्यातून निघतो, त्याच आळंदात लाडले मशाक यांच्या दर्ग्याच्या आवारात राघवचैतन्यांचे स्थान आहे. हे तेच राघवचैतन्य, ज्यांच्याकडून केशवचैतन्य व बाबाजी यांच्याद्वारे तुकोबांची गुरुपरंपरा येते. तेथे २०२२ च्या महाशिवरात्रीस पूजेवरून तंटा पेटला, आणि पुढे पूजेस किती जणांनी जावे हे न्यायालयास ठरवावे लागले. न्यायालयाने नेमून दिलेली मर्यादा ही शांततेस उपकारक खरी. पण अष्टूरास अशा मर्यादेची गरज पडली नाही, ती कोणाच्या आज्ञेमुळे नव्हे तर मान कोणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असल्यामुळे. असा मान एकदा कोर्टात गेला की त्याचा हक्क होतो, आणि हक्क मोजावा लागतो.

राज्यांच्या सीमांनी मात्र या यात्रांचे फारसे बिघडविले नाही. १९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. निलंग्याच्या शेतकऱ्याची कचेरी त्या दिवशी बदलली, पण देव बदलला नाही. माणिकनगरास तो पूर्वीसारखाच जातो. होळी झाली की माडियाळचा जंगमही आपल्या माणसांनिशी चालू लागतो, आणि अष्टूरास त्याची वाट पाहणाऱ्यांत कबरीची सेवा करणारे मुसलमानही असतात.