उघडं ठेवलेलं दार



गेल्या नाताळच्या खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. आपल्या चलथाणच्या मंडळीत अशी कामं आपण वाटून घेतो. त्यात ३४० रुपयांचा मेळ काही केल्या बसेना. मी खोलीचं दार लावलं, खिशातले पैसे घातले आणि वही फादरांच्या हाती दिली. नुकसान कुणाचंच नव्हतं, तरी झोप येईना. पैसे भरले होते, पण चूक लपवली होती. त्या रात्री पंडिता रमाबाईंचं दार आठवलं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. विधवा, सोबत लहानगी मनोरमा, आणि आसरा तिथल्या धर्मभगिनींचा. अशा वेळी माणूस मान डोलावून मोकळा होतो. पण १८८५ मध्ये त्यांनी त्याच भगिनींना पत्रांतून स्पष्ट कळवलं की, त्रैक्यासारखी शिकवण मला पटल्याशिवाय केवळ तुम्ही सांगता म्हणून मी स्वीकारणार नाही. ज्यांच्या घरचं अन्न खातो, त्यांना असं सांगणं सोपं नव्हतं.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि १८९० मध्ये ते पुण्याला हलवलं. बालविधवांना तिथे शिक्षण मिळे. कुणावर धर्माची सक्ती होणार नाही, असं वचन होतं. मुली आपापले नेम, व्रतं पाळत. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्या हिंदूच राहिल्या.

रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला, ‘केसरी’तून कडक टीका झाली. पालकांची काळजीही खोटी नव्हती. विश्वासाने सोपवलेल्या आपल्या लेकी परक्या होतील, ही भीती कुठल्याही आईबापाला कळेल. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

दार लावून घेतलं असतं तर कदाचित एवढं वादळ उठलं नसतं. प्रार्थना तर बंद दारामागेही देवाला ऐकू जाते. पण रमाबाईंच्या लेखी ते दार लावणं म्हणजे आपण कोण आहोत हे लपवणं होतं. मुलींना त्यांनी बोलावलं नाही आणि आलेल्यांना हाकललंही नाही. बाबेलमध्ये राजाज्ञा निघाल्यावरही दानिएलाने आपल्या माडीच्या खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या, त्याची इथे आठवण होते.

मला रमाबाईंची थोरवी यात वाटते की त्या दोन्हीकडे सारख्याच खऱ्या राहिल्या. वाँटेजमध्ये ख्रिस्ती लोकांना न आवडणारं सत्य बोलल्या, पुण्यात हिंदू समाजाला न आवडणारं जगल्या. विरोधकांना सत्य सुनावणं त्या मानाने सोपं, पाठीवर आपल्यांची शाबासकी असते. आपल्याच माणसांसमोर खरं बोलताना मात्र जीभ अडते. शेकोटीपाशी पेत्राची जीभ अडली, ती एका दासीच्या साध्या प्रश्नाने.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी फादरांना आणि सोबतच्या स्वयंसेवकांना ३४० रुपयांची गोष्ट सांगितली. सांगताना कान तापले. मग आम्ही चौघांनी वही पुन्हा पाहिली. फुलांच्या खर्चाची एक नोंद राहिली होती. मी लाजेने दार लावलं नसतं, तर ती त्याच दिवशी सापडली असती.

हे प्रभू, आम्ही लावून घेतलेली दारं तुला ठाऊक आहेत. ती उघडण्याचं बळ आम्हांला दे. आमेन.