दंतमूल-भरणद्रव्ये
रूट कॅनॉल उपचारात साफ केलेली दाताच्या मुळातील नळी बंद करणारे पदार्थ. मुख्य भरण गटापर्चाच्या कांडीचे. तिच्यात झाडाच्या चिकापासूनचे गटापर्चा सुमारे २० टक्केच, उरलेले बहुतांश झिंक ऑक्साइड. ती दाताला चिकटत नाही, म्हणून फटी सीलर बुजवतो. तरीही लाळ आणि जंतू वरून शिरू शकतात. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप या संशोधकांना क्ष-किरण चित्रांत मुळाभोवतीच्या आरोग्याशी मुळातील भरणापेक्षा दाताच्या वरच्या भागातील भरणाचा संबंध अधिक घट्ट दिसला. पुढच्या अभ्यासांत दोन्ही भरणे महत्त्वाची ठरली, हा आक्षेप रास्त. पण त्याने वरचे भरण लांबवण्याचे समर्थन होत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मजुराचा प्रत्येक खेपेला रोज बुडतो आणि तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांतच झिरपू लागते. म्हणून मूळ भरले की शक्यतो त्याच बैठकीत वरचे पक्के भरणही करावे.