पंडिताच्या मेजावरचं कुंचलेदान

मंडळी, आपल्याकडे बोरू होता, तसा चिनी पंडिताच्या हाती कुंचला असे. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड ही अभ्यासिकेतली चार रत्नंच मानली जात. कुंचले उभे ठेवण्यासाठी मेजावर नळकांड्याच्या आकाराचं भांडं असे. कधी बांबूचं, कधी लाकडाचं, तर कधी चिनी मातीचं.

सम्राट खांगशी यानं १६६१ ते १७२२ असं राज्य केलं. त्याच्या वेळच्या काही कुंचलेदानांवर निळ्या अक्षरांत अख्खा निबंधच लिहिलेला आढळतो. निबंध हान काळातला, जुना. त्यातलं सांगणं असं, की सुज्ञ राजाला गुणी मंत्री लाभावा. परीक्षा देऊन अधिकारी होणाऱ्या पंडितापुढे रोज हा धडा!

अशा भांड्यांचं मोठं गाव म्हणजे चिंग्देचेन. कच्च्या भांड्यावर कोबाल्टचा रंग द्यायचा, वर झिलई चढवायची आणि सुमारे १३०० अंशांच्या भट्टीत भाजायचं. तिथल्या कामाविषयी एका फ्रेंच पाद्र्यानं १७१२ साली पत्रात लिहिलं, की एकेक भांडं सत्तर कामगारांच्या हातांखालून जातं. एकानं नुसती काठाची रेघ ओढायची, दुसऱ्यानं फुलं रेखायची, तिसऱ्यानं रंग भरायचा.

ती परीक्षा १९०५ साली बंद झाली. भांडी मात्र टिकली. त्यांच्यावर गुणी मंत्र्याची थोरवी आहे, घडवणाऱ्यांची नावं नाहीत. गुरुजी, वर्गात सम्राटाचं नाव सांगाल, तेव्हा या सत्तर जणांचीही आठवण काढा, बरं का!