चिमूरची फाशी कशी टळली? अर्ज फेटाळला म्हणजे सगळं संपत नाही!

मागच्या आठवड्यात एक काकाजी कागद घेऊन आले. मुलगा जन्मठेपेत आहे. शिक्षेत सूट मिळावी म्हणून केलेला अर्ज नामंजूर झाला. कागदावर कारण म्हणून जेमतेम एक ओळ. "आता सरलं का जी?" एवढंच विचारलं त्यांनी.

मला चिमूर आठवलं. 1936 मध्ये गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी आपल्या सावलीत आले होते, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी चिमूर पेटलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा पोरगा गेला, जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले. मग फौज आली आणि गावातल्या बायाबापड्यांवर जे झालं, त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं. हा भाग आपण दरवर्षी भाषणात ऐकतो. पुढचा भाग कोणी सांगत नाही.

चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या लोकांना फाशी, जन्मठेप झाली. त्या काळी वटहुकमाने विशेष न्यायालयं काढली होती. खटला झटपट, अपिलाचा रस्ता अरुंद. 4 जून 1943 ला फेडरल कोर्टाने बनवारीलाल शर्मा प्रकरणात ही न्यायालयंच बेकायदा ठरवली. वाटलं, सुटले! पण दुसऱ्याच दिवशी सरकारने नवा वटहुकूम काढून जुन्या शिक्षा कायम केल्या. मात्र त्यातच अपिलाची वाट उघडली. (सरकारची घाई कधी कधी अशी उलटी कामी येते.)

अपिलं झाली, फेटाळली गेली. दयेचे अर्ज झाले, तेही फेटाळले गेले. तरी नागपूरच्या अनसूयाबाई काळे थांबल्या नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा वकील. गांधीजींनीही व्हाइसरॉयकडे शब्द टाकला. शेवटी 1945 मध्ये उरलेल्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. म्हणजे जवळपास तीन वर्षं फक्त नकार पचवण्यात गेली.

अशाच विशेष न्यायालयांच्या पियारे दुसाध प्रकरणात, कैदी वर्षाहून जास्त काळ फाशीच्या सावटाखाली राहिला हे लक्षात घेऊन फेडरल कोर्टाने शिक्षा बदलली होती. तो धागा सुप्रीम कोर्टाने 1983 मध्ये उचलला. 2014 मध्ये शत्रुघ्न चौहान निकालात दयेच्या अर्जाला झालेला अवाजवी उशीर हे फाशी रद्द करायचं कारण मानलं. 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी खून प्रकरणात याच कारणाने फाशीऐवजी 35 वर्षांची कैद दिली. गुन्हा भयंकर होता, लोक चिडले, मलाही तो निकाल सहज पचला नाही. पण उशीर सरकारी टेबलांवरच झाला होता.

काकाजींच्या मुलाचं प्रकरण फाशीचं नाही, सुटीचं आहे. त्यात 18 फेब्रुवारी 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल कामाचा. सूट नाकारताना थोडक्यात का होईना कारणं द्यावी लागतात, आदेश कैद्याला लगेच कळवावा लागतो आणि त्याला आव्हान देता येतं हेही सांगावं लागतं. कैदेतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, कमाई कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ त्यानंतर.

काकाजींना आदेशाची पूर्ण प्रत मागायला सांगितलं. सोमवारी आम्ही दोघं चंद्रपूरला जातोय.