थांबासूचक (सार्वजनिक वाहतूक)

थांबासूचक म्हणजे ट्राम, बस किंवा आगगाडीत बसलेल्या प्रवाशास पुढील थांब्याचे नाव कळविणारे साधन होय. हे नाव फिरत्या कापडी पट्टीवर, दिव्यांच्या फलकावर किंवा ध्वनिरूपाने सांगितले जाते. वाहनाच्या दर्शनी भागावरील फलक वाहन कोठे जाणार आहे हे बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीस सांगतो. थांबासूचक मात्र वाहन सध्या कोठे आहे हे आतील प्रवाशास सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यावरील ट्रामसाठी अशी यांत्रिक साधने तयार होऊ लागली. महाराष्ट्रात हे काम दीर्घकाळ वाहकाची हाक आणि घंटीची दोरी यांवर चालले. आज मुंबईची उपनगरी रेल्वे आणि मुंबई, नागपूर व पुणे येथील मेट्रो यांत ते स्वयंचलित यंत्रणेकडे आहे.

गरज

लांब पल्ल्याच्या आगगाडीत दोन स्थानकांमधील अंतर मोठे असते आणि फलाटावरील नामफलक खिडकीतून वाचता येतो. शहरी ट्राम व बस यांची स्थिती वेगळी आहे. थांबे काही शे मीटरांवर असतात, वाहन थांब्यावर क्षणभरच उभे राहते आणि उतरणारा कोणी नसल्यास थांबतही नाही. गर्दीत उभ्या असलेल्या प्रवाशास बाहेरचे दिसत नाही. रात्री व पावसात खिडकीजवळ बसलेल्यासही दिसत नाही. नवखा प्रवासी, निरक्षर प्रवासी आणि दृष्टिहीन प्रवासी यांना थांब्याचे नाव वेळेवर ऐकू येणे आवश्यक असते. सूचना थांबा येण्यापूर्वी, दारापर्यंत पोहोचता येईल इतक्या अवधीने मिळाली तरच तिचा उपयोग होतो.

वाहकाची हाक आणि घंटी

थांबा कळविण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे वाहकाने नाव पुकारणे. वाहक आणि चालक यांच्यातील संकेत मात्र प्रारंभापासून यांत्रिक होता. वाहनाच्या छताखालून गेलेली दोरी ओढली की चालकाजवळची घंटी वाजते. महाराष्ट्रात एक टोल म्हणजे थांबा आणि दोन टोल म्हणजे निघा, असा संकेत रूढ आहे. 'डबल बेल' हा शब्दप्रयोग याच संकेतातून बोलीत आला. राज्य परिवहन सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. एस.टी.च्या साध्या गाड्यांतील घंटीची दोरी पुढे अनेक पिढ्यांच्या परिचयाची झाली.

ही घंटी थांबासूचक नव्हे. ती चालकास सूचना देते. कोणता थांबा आला हे प्रवाशास सांगत नाही. तरीही नेहमीचे प्रवासी वळणे, चढ आणि घंटीचे टोल मोजून आपला थांबा ओळखतात.

मुंबईची ट्राम

मुंबईत घोड्यांनी ओढलेली ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे आरंभीचे मार्ग होते. ७ मे १९०७ रोजी विजेवरील ट्राम धावू लागली आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ही सेवा मुंबई महापालिकेच्या ताब्यात गेली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे गेलेली ट्राम ही शहरातील शेवटची ट्राम ठरली.

या ट्राममध्ये थांबा सांगण्याचे काम प्रामुख्याने वाहकाकडे होते. तिकिटे देणे, पैसे घेणे आणि घंटी देणे ही कामेही त्याच्याकडेच असत. दुमजली गाडीत तो एका मजल्यावर असताना त्याची हाक दुसऱ्या मजल्यावर पोहोचणे कठीण होते. यंत्राची गरज ज्या कारणांनी भासते त्यांपैकी हे एक प्रमुख कारण होय. ट्राम बंद झाल्यावरही तिच्या थांब्याचे नाव टिकले आहे: 'दादर टी.टी.' यातील दोन अक्षरे 'ट्राम टर्मिनस' या शब्दांची आहेत. तेथे रूळ उरले नसले तरी बसवाहक पुढे तेच नाव पुकारत राहिले.

यांत्रिक थांबासूचकाची रचना

अमेरिकेतील शहरांत ट्रामचा प्रसार झपाट्याने झाला आणि तेथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अशा साधनांसाठी अनेक एकस्वे घेण्यात आली. त्यांची मूळ रचना बरीचशी समान असे. काच बसविलेल्या लाकडी किंवा धातूच्या पेटीत दोन रुळे बसविलेले असत. मार्गावरील थांब्यांची नावे क्रमाने छापलेली कापडी पट्टी एका रुळ्यावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळली जाई. रुळ्याच्या टोकाला दातेरी चाक असे आणि त्याच्या दातांत खिटी अडकलेली असे. प्रत्येक हिसक्यासरशी चाक ठरावीक दात पुढे सरके आणि काचेमागे पुढील नाव येई. खिटीमुळे पट्टी आपोआप मागे फिरत नसे. नाव बदलताच लहान घंटा वाजून प्रवाशांचे लक्ष पेटीकडे वेधले जाई. काही रचनांत नावाशेजारी जाहिरातीसाठी जागा ठेवलेली असे. शेवटच्या थांब्यावर पट्टी उलट दिशेने फिरविण्याची व्यवस्था करावी लागे.

पट्टी पुढे कोणी सरकवायची, यावरून या साधनांचे तीन प्रकार पडतात.

१. हस्तचालित: वाहक किंवा चालक दोरी, तरफ अथवा पायपट्टीने पट्टी सरकवितो. रचना सोपी व स्वस्त असते. पण माणूस विसरला की सूचक चुकतो.

२. आसचालित: चाकाच्या आसावरून दातेरी चाकांच्या साखळीने गती घेतली जाते. ठरावीक फेरे झाले की पट्टी सरकते. म्हणजेच हे साधन अंतर मोजते.

३. मार्गचालित: थांब्याच्या अलीकडे रुळालगत किंवा वरच्या तारेजवळ एक अडसर बसवितात. गाडीवरील तरफ त्यावर आपटली की पट्टी सरकते. म्हणजेच हे साधन खुणा मोजते.

चूक आणि तिचे परिणाम

या तिन्ही प्रकारांत एक समान उणीव होती. यंत्रास आपण कोणत्या ठिकाणी आहोत हे ज्ञात नसे; किती वेळा सरकलो एवढेच त्याच्या रचनेत नोंदले जाई. त्यामुळे एक हिसका चुकला की त्या फेरीतील पुढची सर्व नावे चुकत. बंद पडलेला सूचक प्रवाशास निदान सावध करतो, चुकीचा सूचक त्यास भलत्याच ठिकाणी उतरवितो.

आसचालित प्रकारात चाकाची झीज ही वेगळी अडचण होती. उदाहरणार्थ, ८० सेंटिमीटर व्यासाचे चाक झिजून ७९.२ सेंटिमीटर झाले, तर त्याचा परीघ एक टक्क्याने घटतो. तेवढेच अंतर कापण्यास त्यास अधिक फेरे घ्यावे लागतात आणि सूचक वेळेआधी सरकू लागतो. दर ४०० मीटरवर थांबा धरल्यास ४० थांब्यांचा मार्ग १६ किलोमीटर भरतो. त्याच्या अखेरीस ही चूक साठून १६० मीटर होते. पावसात किंवा पानगळीत चाक घसरल्यास चुकीत आणखी भर पडते.

मार्गचालित प्रकारात चूक अशी साठत नाही. मात्र रस्त्यावरील अडसर चिखल, धूळ आणि वाहनांचे धक्के यांनी निकामी होण्याचा धोका असतो. मार्ग बदलला तर पट्टीही नवी छापावी लागते.

ध्वनिफितीपासून उपग्रहापर्यंत

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाहकाविना केवळ चालकाकडून चालविल्या जाणाऱ्या गाड्या अनेक देशांत वाढल्या. नाव पुकारणारा माणूसच गाडीत न उरल्याने ध्वनिमुद्रित सूचनेची गरज निर्माण झाली. जपानमधील बसगाड्यांत थांब्यांची नावे क्रमाने ध्वनिफितीवर मुद्रित करून ठेवीत. चालकाने कळ दाबली की फीत पुढच्या नावापर्यंत वाजून थांबे. कापडी पट्टीची जागा चुंबकीय फितीने घेतली, तरी मोजणीचे तत्त्व तेच राहिले. कळ दाबण्यास चालक विसरला की पुढची नावे येथेही चुकत.

उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे या तत्त्वात बदल झाला. वाहनातील संगणकाकडे प्रत्येक थांब्याचे अक्षांश-रेखांश असतात. वाहन त्या बिंदूच्या ठरावीक परिघात आले की नाव उच्चारले जाते. एखादी घोषणा हुकली तरी पुढच्या थांब्यावर चूक आपोआप सुधारते. उंच इमारतींच्या दाटीत व बोगद्यात मात्र उपग्रहाचा संकेत क्षीण होतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत २००७ पासून दाखल झालेल्या नव्या गाड्यांमुळे 'पुढील स्टेशन' ही मराठी, हिंदी व इंग्रजी घोषणा सर्वपरिचित झाली.

नागपूर मेट्रो

नागपूर मेट्रोची प्रवासी सेवा मार्च २०१९ मध्ये खापरी-सीताबर्डी मार्गावर सुरू झाली. सीताबर्डी ते लोकमान्य नगर हा हिंगणा मार्गावरील टप्पा जानेवारी २०२० मध्ये आणि पहिल्या टप्प्याचे उर्वरित मार्ग डिसेंबर २०२२ पर्यंत खुले झाले. डब्यांत मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांत पुढील स्थानकाची घोषणा होते आणि फलकावरही नाव उमटते.

अशा आधुनिक मेट्रोत गाडीचे स्थान दोन साधनांच्या मेळाने ठरते. आसावरील संवेदक चाकाचे फेरे मोजून कापलेले अंतर सांगतो. रुळांमध्ये ठिकठिकाणी बसविलेल्या संकेतपट्ट्या गाडी वरून जाताच आपला क्रमांक कळवितात आणि अंतराच्या मोजणीत साठलेली चूक शून्यावर आणतात. आसचालित आणि मार्गचालित थांबासूचकांची तत्त्वे येथे एकत्र आली आहेत. चाकाची झीज आजही होते; परंतु पुढची संकेतपट्टी येताच तिचा परिणाम पुसला जातो.

घोषणेचे महत्त्व या मार्गावरील नावांवरून लक्षात येते. वासुदेव नगर, बन्सी नगर आणि लोकमान्य नगर ही ओळीने येणारी तीन स्थानके आहेत. घोषणेचा केवळ शेवटचा शब्द कानी पडला तर तिन्ही सारखीच वाटतात. म्हणून नावाचा पहिला भाग सुस्पष्ट उच्चारणे आणि घोषणेची द्विरुक्ती करणे उपयुक्त ठरते.

दृष्टिहीन प्रवासी आणि कायदा

थांब्याची घोषणा ही सोय आहे की हक्क, हा प्रश्न कॅनडातील टोरांटो शहरात न्यायाधिकरणापुढे गेला. दृष्टिहीन विधिज्ञ डेव्हिड लेपोफ्स्की यांनी शहराच्या परिवहन संस्थेविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. ऑन्टारिओच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने २००५ मध्ये भुयारी रेल्वेबाबत आणि २००७ मध्ये बस व ट्रामबाबत त्यांच्या बाजूने निर्णय दिला. प्रत्येक थांबा नियमितपणे पुकारला गेला पाहिजे, असा या निर्णयांचा आशय होता. कधी पुकारणे आणि कधी न पुकारणे यामुळे दृष्टिहीन प्रवाशास कशावरच विसंबता येत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते. त्यानंतर तेथील बस व ट्राममध्ये स्वयंचलित घोषणायंत्रणा बसविण्यात आली. अमेरिकेतही १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखालील नियमांनुसार ठरावीक मार्गावरील बसमध्ये गाडी बदलण्याची ठिकाणे, मोठे चौक व महत्त्वाची ठिकाणे पुकारणे बंधनकारक आहे.

भारतात ३ डिसेंबर २०१५ रोजी 'सुगम्य भारत अभियान' सुरू झाले. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम ४१ सार्वजनिक वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. वाहनाच्या आतील सूचनेइतकीच थांब्यावर उभ्या असलेल्या दृष्टिहीनासाठी बाहेरची सूचनाही आवश्यक असते. समोर आलेली बस कोणत्या क्रमांकाची आहे हे ऐकविणारे 'ऑनबोर्ड' नावाचे उपकरण आयआयटी दिल्ली येथे विकसित झाले आहे.

वाडी परिसरातील स्थिती

वाडी हे नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेले उपनगर आहे. दत्तवाडी ही वस्ती त्यास लागून आहे. अमरावतीकडून येणारी एस.टी. नागपुरात शिरण्यापूर्वी याच मार्गाने जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेल्या नागपूर मेट्रोच्या ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्यात मिहान-बुटीबोरी औद्योगिक क्षेत्र, ऑटोमोटिव्ह चौक-कन्हान नदी, लोकमान्य नगर-हिंगणा आणि प्रजापती नगर-ट्रान्सपोर्ट नगर हे चार मार्ग आहेत. यांपैकी एकही अमरावती मार्गाने वाडीस येत नाही. त्यामुळे येथील सार्वजनिक प्रवास प्रामुख्याने रस्त्यावरील वाहनांवर अवलंबून आहे.

एस.टी.च्या साध्या गाडीत थांब्याचे नाव आजही वाहकाच्या तोंडूनच कळते. 'वाडी' हा शब्द महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या व वस्त्यांच्या नावात येतो. अमरावती मार्गावर तर वाडी आणि दत्तवाडी हे थांबे जवळजवळ आहेत. इंजिनाच्या आवाजात नावाचा पहिला भाग हरवला की परगावचा प्रवासी एक थांबा अलीकडे वा पलीकडे उतरण्याचा संभव असतो. महामार्गालगत अवजड वाहनांच्या वर्दळीत तेवढे अंतर मागे चालत येणे वृद्ध व दृष्टिहीन प्रवाशांना धोक्याचे ठरते. वाहकाने थांब्यापूर्वी पूर्ण नाव दोनदा पुकारणे, हा यावरील कोणत्याही यंत्राविना करता येण्याजोगा उपाय आहे.