मॉर्मन मिशनऱ्यांचा दिनक्रम आणि त्यांचे अन्नदाते

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हा पंथ ‘मॉर्मन’ या नावाने ओळखला जातो. त्याची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाली. त्याच उन्हाळ्यात संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे धाकटे भाऊ सॅम्युएल ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या प्रती पिशवीत घालून पायी निघाले. पहिल्या दिवशी एकही प्रत खपली नाही. संध्याकाळी एका खाणावळीच्या मालकाने पुस्तकाचा विषय ऐकताच त्यांना बाहेर काढले आणि ती रात्र त्यांनी सफरचंदाच्या झाडाखाली घालवली. मॉर्मन परंपरा त्यांना पहिला मिशनरी मानते.

या पंथात पगारी धर्मोपदेशक नव्हते. प्रचाराला जाणारा शेतकरी, सुतार किंवा लोहार स्वतःचा धंदा बाजूला ठेवून जाई. येशूने शिष्यांना जवळ पैसा न ठेवता फिरायला सांगितले होते. ती आज्ञा मॉर्मनांनी शब्दशः घेतली, त्यामुळे मिशनऱ्याचे रोजचे जेवण आणि रात्रीचा निवारा अनोळखी माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. गावात शिरायचे, शाळेची खोली किंवा कोठार सभेसाठी मागायचे आणि सभा संपल्यावर कोणी घरी बोलावते का याची वाट पाहायची, असा त्यांचा क्रम असे. मिशनऱ्यांच्या लेखनात आभाराला जे मोठे स्थान आहे त्याचे मूळ बऱ्याच अंशी या व्यवस्थेत सापडते. ज्याच्या खिशात काही नाही, त्याला घास कोणी दिला हे विसरता येत नाही.

आरंभीचे बहुतेक मिशनरी विवाहित होते आणि त्यांच्या सेवेची खरी किंमत घरच्या बायका मोजत. सप्टेंबर १८३९ मध्ये ब्रिगहॅम यंग आणि हेबर किंबॉल हे दोन मिशनरी इंग्लंडला निघाले, तेव्हा मिसिसिपी काठच्या त्यांच्या वस्तीत हिवतापाची साथ होती. दोघेही तापाने फणफणलेले होते, घरची माणसे अंथरुणावर होती आणि यंग यांची पत्नी नुकतीच बाळंत झाली होती. गाडी थोडी पुढे गेल्यावर दोघे कसेबसे उभे राहिले आणि घरच्यांना धीर यावा म्हणून त्यांनी टोप्या हलवत जयघोष केला. वाटेत ठिकठिकाणी लोकांनी थोडेथोडे पैसे दिले. जवळ १३.५० डॉलर असताना प्रवासभाड्यात ८७ डॉलरांहून अधिक कसे गेले, याचे त्या दोघांना पुढेही नवल वाटत राहिले आणि त्यांनी ते देवाच्या खात्यावर जमा केले. हात आखडता न घेणारे वाटेवरचे यजमान त्या हिशेबात काहीसे मागे पडले, असे आजच्या वाचकाला वाटू शकते.

मिशनरी विल्फर्ड वुड्रफ यांच्या रोजनिशीत मात्र यजमान ठळक दिसतात. १८३३ पासून १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नोंदी ठेवत राहिले. वर्षअखेरीस किती मैल प्रवास झाला, किती सभा घेतल्या, किती जणांना बाप्तिस्मा दिला, याचा गोषवारा ते मांडत. मार्च १८४० मध्ये इंग्लंडमधील हेरफर्डशायरला ते जॉन बेनबो या सधन शेतकऱ्याच्या घरी उतरले. त्याच घरात त्यांच्या सभा झाल्या आणि आवारातल्या तळ्यात बाप्तिस्मे झाले. देवाचे आभार मानणाऱ्या ओळी त्या काळच्या कोणत्याही धार्मिक रोजनिशीत आढळतात. आज कोणाकडे जेवलो आणि कोणाकडे झोपलो ही ओळ इतिहासाच्या जास्त कामाची आहे.

अगदी कोवळ्या वयात गेलेला मिशनरी म्हणून जोसेफ एफ. स्मिथ यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १८४४ मध्ये जमावाने त्यांच्या वडिलांची हत्या केली आणि १८५२ मध्ये आई वारली. १८५४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांची रवानगी हवाई बेटांवर झाली. तिथे आधीच आलेल्या जॉर्ज क्यू. कॅनन यांनी स्थानिक न्यायाधीश जोनाथन नापेला यांच्या मदतीने हवाईयन भाषा आत्मसात केली होती. स्मिथही माऊई बेटावर तीच वाट चालले. गवताने शाकारलेल्या घरांत ते राहिले, समोर येईल ते खाल्ले आणि लोकांमध्ये राहून भाषा शिकले. तिथे ते फार आजारी पडले, तेव्हा एका हवाईयन बाईने त्यांना घरी ठेवून पोटच्या मुलासारखे सांभाळले. पुढे १९०१ मध्ये ते पंथाचे अध्यक्ष झाले. त्यानंतर त्यांचे जहाज एकदा होनोलुलूला लागले, तेव्हा ती बाई, आता वृद्ध आणि आंधळी, हातात केळी घेऊन त्यांना ‘इओसेपा’ अशी हाक मारत आली. स्मिथ धावत गेले आणि त्यांनी तिला मिठी मारली. ती आपली हवाईयन आई असल्याचे त्यांनी सोबतच्यांना सांगितले.

पैशाविना फिरण्याची रीत सगळीकडे लागू पडली नाही. ऑगस्ट १८५२ च्या सॉल्ट लेक सिटीतील परिषदेत शंभराहून अधिक पुरुषांची नावे दूरदेशांसाठी जाहीर झाली. त्यांतील हिंदुस्थानकडे निघालेली तुकडी १८५३ मध्ये कलकत्त्याला उतरली. ब्रिटनमधून नेमलेले ह्यू फिंडले त्याआधीच मुंबईत पोचले होते. मुंबई आणि पुण्यात त्यांच्या हाती आले ते मुख्यतः थोडे युरोपीय, त्यातही सैनिक, आणि छावणीच्या हद्दीत प्रचार करायला लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध होता. १८५५ मध्ये त्यांनी मुंबईत मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका छापली. त्याच वर्षी ते परतले आणि १८५६ पर्यंत बाकीचेही निघून गेले. जिथे परक्याला घरात जेवायला बसवणे जातीच्या नियमांत अडकत होते, तिथे यजमानाच्या घरावर उभी असलेली पद्धत मुळातच लंगडी होती. हिंदुस्थानात स्वतंत्र मिशन पुन्हा उभे राहिले ते थेट १९९३ मध्ये, बंगळूरला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामाचे रूप पालटू लागले. १८९८ मध्ये इनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या पहिल्या अविवाहित स्त्री मिशनरी म्हणून इंग्लंडला गेल्या. पुरुषांमध्येही घरदार असलेल्यांच्या जागी अविवाहित तरुण जास्त येऊ लागले. पैशाविना फिरणे मागे पडले आणि भाड्याची खोली व घरून येणारा पैसा रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील काही मिशनांनी जुनी रीत थोडा काळ पुन्हा करून पाहिली, तेवढाच अपवाद. १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत प्रशिक्षणगृह निघाले. १९६१ मध्ये मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा रखडले, म्हणून थांबलेल्या तरुणांना प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्पॅनिश शिकवायला सुरुवात झाली. आजच्या मोठ्या भाषा-प्रशिक्षण केंद्राची सुरुवात अशी अडचणीतून झाली. मुलांसाठी किमान वय १९६० मध्ये १९ झाले. २०१२ मध्ये ते १८ वर आणि मुलींचे २१ वरून १९ वर आले, तेव्हा सुमारे ५८,५०० असलेली मिशनऱ्यांची संख्या २०१३ च्या अखेरीस ८३,००० च्या वर गेली.

पुढे स्थिरावलेला दिनक्रम घड्याळाला बांधलेला होता. साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ आणि न्याहारी. आठ वाजता एकट्याने ग्रंथवाचन, नऊ वाजता जोडीदारासोबत अभ्यास आणि दहाला बाहेर. परभाषेच्या देशात असेल तर भाषेचा अभ्यास वेगळा. दारे ठोठावणे, ठरलेल्या भेटी, धडे असे करत रात्री नऊच्या सुमारास खोलीवर परत येऊन उद्याची आखणी करायची आणि साडेदहाला दिवा बंद. २०१७ मध्ये या वेळा थोड्या सैल झाल्या. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठेही जायचे नाही, हा नियम मात्र पक्का राहिला. तो जोडीदारही मिशनचा अध्यक्ष ठरवतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलतो. पहिले नाव वापरायचे नाही. मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘सिस्टर’ आणि पुढे आडनाव. मुलांच्या शर्टावर काळा बिल्ला असतो. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, केस कापणे, किराणा आणि पत्रे यांसाठी मोकळा असतो.

खर्चाचा भार पूर्वी नेमणुकीच्या जागेवर अवलंबून असे. जपानला गेलेल्या मुलाचे आईबाप जास्त भरत, लॅटिन अमेरिकेला गेलेल्याचे कमी. १९९१ पासून अमेरिका आणि कॅनडातल्या मिशनऱ्यांसाठी महिना ३५० डॉलर असा सरसकट आकडा ठरला. २०२० मध्ये तो ५०० झाला. अनेक मुले शाळकरी वयापासून यासाठी पैसे साठवतात. रात्रीचे जेवण पुष्कळ ठिकाणी स्थानिक मॉर्मन कुटुंबे वाटून घेतात. प्रार्थनागृहात तारखांचा कागद फिरतो आणि ज्याला जी तारीख जमेल तिथे तो नाव घालतो. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याचीच आठवण व्हावी. अन्नदाता आता रस्त्यावरचा अनोळखी माणूस राहिला नाही, तो पंथातलाच झाला. त्यामुळे नवख्या एल्डरचे आभारही बहुधा ओळखीच्या घरांकडे वळतात.

घरी आठवड्याला एक पत्र लिहायचे आणि फोन फक्त नाताळ व मातृदिनाला करायचा, अशी शिस्त अनेक दशके होती. पत्राची जागा पुढे ईमेलने घेतली आणि फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉलची मुभा मिळाली. त्याचा परिणाम लिखाणावर होणारच. ज्या गोष्टी पूर्वी आईला पत्रातून सविस्तर सांगाव्या लागत, त्या आता बोलण्यात संपतात. वरिष्ठ अजूनही रोजनिशी ठेवायचा आग्रह धरतात आणि ठरावीक काळाने होणाऱ्या मिशनच्या बैठकांत प्रत्येकाने उभे राहून आपला अनुभव आणि आभार सांगायची प्रथा आहे. अशा बैठकांत बरेच बोलणे ठरीव साच्याचे होते. एखाद्या घरी भर पावसात मिळालेल्या गरम सूपचा उल्लेख निघाला, की ते जिवंत होते.

मुदत संपल्यावर तरुण घरी येतो आणि आपल्या भागाच्या प्रमुखाला भेटतो. त्याने रीतसर मुक्त केल्यावरच बिल्ला उतरवायचा असतो. मग एखाद्या रविवारी तो स्थानिक सभेत बोलतो आणि ज्यांनी खर्च उचलला, जेवू घातले, भाषा शिकवली, त्यांतल्या काहींची नावे तिथे घेतो.