पस्तिशीच्या आतली शाबासकी

सौरपंपाजवळची ती पेटी तुम्ही पाहिली असेल. उन्हापासून मिळालेली वीज ती पंपाला हवी तशी करून देते. विजेला असे वळण लावणाऱ्या विद्येला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, थायरिस्टर तयार झाला आणि या विद्येला बळ आले. मोठा प्रवाह क्षणात सुरू करणारी ही कळच म्हणा ना!

पुढे आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने या क्षेत्रातील तरुणांसाठी पारितोषिक ठेवले. वय हवे पस्तिशीच्या आत. त्याला नाव आहे रिचर्ड बास यांचे; ते जॉर्जिया टेकमधले प्राध्यापक होते.

गुरुजी, शाल-श्रीफळ आपण उतारवयात देतोच. पण उमेदीतली शाबासकी पुढचे काम घडवते. वर्गात मोटार उघडून बसणाऱ्या पोराला ती आजच द्या.